मॉरिसच्या क्लचवरचा पाय

ही घटना खरी आहे. ज्यांच्या बाबतीत घडली ते माझे सख्खे धाकटे काका आहेत. अजून धडधाकट आहेत, बोईसरला गेलात तर भेटतीलही.

फक्त एक विनंती आहे. जेवताखाता वाचू नका. मागाहून मला शिव्या देऊ नका.

आणखी एक. यात अमावस्या नाही, पिंपळ नाही, रात्रसुद्धा नाही. भुतं काळोखातच येतात असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. जे झालं ते भर उन्हात झालं. दोन हजार तेवीस सालचा मे महिना, मंगळवार, सकाळचे साडेअकरा. जागा म्हणजे बोईसरहून तारापूरला जाणाऱ्या रस्त्यावरचं पत्र्याचं एक गॅरेज.

गॅरेज माझ्या बळवंतकाकांचं. काका जुन्या गाड्यांचे मिस्त्री. नव्या गाडीकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. "तिला मिस्त्री नाय लागत, कॉम्प्युटरवाला लागतो," म्हणतात. पण पन्नास-साठ वर्षांची गाडी आली की काकांच्या अंगात येतं. दोष शोधायची त्यांची एक रीत आहे. अंदाज करायचा नाही. एक भाग सुटा करायचा, तपासायचा, मग पुढचा. शेवटी जो उरेल तो चोर.

त्या वर्षी मात्र काकांचा स्वतःचाच एक भाग बिघडला होता.

डावा पाय.

काकांना साखर आहे, म्हणजे मधुमेह. जानेवारीत चपलेतला खिळा अंगठ्याखाली घुसला आणि ती जखम काही केल्या भरेना. चार महिने झाले. पारूकाकू रोज संध्याकाळी परात घेऊन बसायच्या, कोमट पाण्याने पाय धुवायच्या, पू पुसायच्या, पट्टी बांधायच्या. कपाळावर एक आठी नाही. मी एकदा शेजारी बसले होते, तो वास घशात उतरला आणि मी उठून अंगणात गेले. खोटं कशाला बोलू.

मेच्या सुरुवातीला पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं, कड काळी पडायला लागली आहे. आणखी पंधरा दिवस बघू. नाही भरली तर बोट काढावं लागेल, आणि ते बोटावर थांबेल याची खात्री नाही.

काका घरी येऊन एवढंच म्हणाले, "उजवा गेला असता तर रेस-ब्रेक हातावर घेतले असते. डावा गेला तर क्लच कोण दाबेल?"

ज्या मिस्त्रीला गाडी स्वतः चालवून बघता येत नाही तो मिस्त्री कसला, असं त्यांचं म्हणणं. पाय गेला की गॅरेजला कुलूप. मग खाटेवर पडून छपराची कौलं मोजायची.

अशात त्या मंगळवारी घिवलीचा मितेश टेम्पोमागे दोर बांधून एक गाडी ओढत घेऊन आला.

मॉरिस मायनर. चौसष्ट सालची, कासवासारख्या पाठीची. काकांनी ती लांबूनच ओळखली. घिवलीच्या जानू तांडेलांची गाडी. जानू म्हणजे मितेशचा बाप. दोन होड्यांचा मालक, धिप्पाड माणूस, आणि या मॉरिसवर जीव टाकणारा. मार्चमध्ये ते वारले होते. काकांच्या पायामुळे काकांना मयताला जाता आलं नव्हतं.

"क्लच धरत नाय, काका," मितेश म्हणाला. "इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी जागची हलत नाय. बाबा गेल्यापासून तीन मिस्त्री झाले. केळव्याला जोडपी येतात लग्नाआधीचे फोटो काढायला, त्यांना द्यायची म्हणतोय. पण चालली तर पायजे."

काकांनी दार उघडलं.

आणि...

दोन पावलं मागे सरकले.

आत वास होता. आमच्याकडे वासाचं कुणाला कौतुक नाही. बोंबील वाळत घातलेल्या वाड्यांमधून आम्ही लहानाचे मोठे झालो. पण हा वास निराळा होता. सडलेला, आणि वर थोडा गोड. पिकलेलं फळ आणि मेलेला उंदीर एकाच पिशवीत बांधून ठेवावं तसा.

"सुकी मासळी नेली होती आयनं," मितेश दुसरीकडे बघत बोलला. लगेच टेम्पोत बसून निघूनही गेला. चहासुद्धा घेतला नाही.

काकांनी चारी काचा खाली केल्या. हिरव्या माश्या आत शिरल्या. सीटवर बसल्या नाहीत, छतावर बसल्या नाहीत. सगळ्या एकाच जागी गेल्या.

क्लचच्या पेडलवर.

आता क्लचचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. क्लचचं पेडल डाव्या पायाचं. ते दाबलं की पहिलं इंच-दीड इंच हलकं जायला हवं. तिथे काही जोर लागत नाही. मिस्त्री त्याला प्ले म्हणतात. पेडलखालून एक रॉड जातो, तो मधल्या लिव्हरला ढकलतो, लिव्हर दुसऱ्या रॉडला, आणि तो क्लचला. प्ले नसला की क्लच कायम थोडासा दाबलेला राहतो. मग इंजिन ओरडतं आणि चाकं ढिम्म. पेडलवर पाय टेकवून गाडी चालवायची सवय असली की हमखास हा दोष येतो.

काकांनी पेडल हाताने दाबून पाहिलं. प्ले नव्हताच.

सोपं काम होतं. खालचा नट फिरवायचा, प्ले मिळतो. काकांनी दीड इंच प्ले करून घेतला, दुसरा नट आवळून पहिला पक्का केला आणि हात धुवायला गेले.

परत येऊन पेडल दाबलं.

प्ले नव्हता.

सांधे घासले असतील, असं त्यांना वाटलं. पिना बदलल्या, पितळी बुश बदलले, पेडल वर ओढणारी स्प्रिंग नवी कोरी घातली. पुन्हा दीड इंच. या वेळी नटांवर खडूने रेघ मारली, म्हणजे नट केसभर फिरला तरी कळावं. मग डबा खायला बसले. भाकरी आणि सुकटीची चटणी. अर्धीच खाल्ली, बाकीची कुत्र्याला टाकली. त्या वासाने घास वर येत होता.

डब्याचं झाकण लावून पुन्हा पेडल दाबलं.

प्ले नव्हता.

खडूची रेघ जिथल्या तिथे होती. नट हललाच नव्हता.

काकांचा हात चिकट झाला. पेडलच्या रबरावर काहीतरी ओलसर होतं. काकांनी फडक्याने पुसलं. फडक्यावर पिवळसर डाग आला, मधे बारीक तांबूस तार. काकांनी नाक मुरडलं आणि फडकं फेकून दिलं. दहा मिनिटांनी बघतात तर रबर पुन्हा ओलं.

इथे काकांनी एक चूक केली.

आमच्या किनाऱ्यावर होडीच्या लाकडाला मुशीचं तेल लावतात. मुशी म्हणजे लहान शार्क मासा, त्याच्या काळजाचं तेल. लाकूड टिकतं, पण घाण वास मारतं आणि उन्हात गोंदासारखं चिकटतं. होडीवाल्यांना त्याची इतकी सवय की दाराच्या बिजागरीलाही तेच, सायकलच्या साखळीलाही तेच. काकांची खात्रीच झाली की जानूने क्लचच्या सांध्यांना मुशीचं तेल पाजलं असणार. ते साकळलं, सांधे जाम झाले. वासाचाही उलगडा झाला. काका मनात जानूला हसले सुद्धा.

आणि जुन्या मिस्त्रींची एक घाणेरडी खोड असते. गळती कशाची आहे हे ते जिभेने ओळखतात. ब्रेकचं तेल कडू, इंजिनचं तेल करपट, रेडिएटरचं रंगीत पाणी गोडसर. बोटावर घ्यायचं, जिभेला लावायचं, थुंकायचं. काकांच्या उस्तादांनी शिकवलेलं.

काका गाडीखाली पाठीवर सरकले. पेडलचा दांडा जिथून खाली येतो त्या भोकातून एक थेंब लोंबत होता. घट्ट, पिवळा.

तुटला.

काकांच्या गालावर पडला. कोमट होता.

काकांनी तो बोटावर घेतला आणि जिभेला लावला.

मुशीचं तेल नव्हतं.

गोड होतं.

काका थुंकले. रेडिएटरचं पाणी इथवर कसं आलं? तेवढ्यात त्यांना आठवलं, की सकाळी झाकण उघडून त्यांनी स्वतः पाहिलं होतं. आत साधं विहिरीचं पाणी होतं. या गाडीत गोड लागेल असं काहीच नव्हतं.

काका तसेच आडवे पडून राहिले. डोकं चालेना. मग नेहमीची रीत आठवली. सुटं करायचं.

त्यांनी पिन काढून पेडलचा रॉड लिव्हरपासून सोडवला. आता पेडलचा क्लचशी काही संबंध उरला नाही. लिव्हर हलवून पाहिला. मोकळा, गुळगुळीत, कुठे अडकत नाही. पुढचा रॉड, क्लच, सगळं ठणठणीत. म्हणजे दोष पेडलात. आणि पेडलाला तर नवी स्प्रिंग होती, ते वर जाऊन टेकायला हवं होतं.

काकांनी पेडलच्या दांड्याकडे पाहिलं.

दांडा सावकाश पुढे आला...

स्प्रिंग ताणली गेली. किर्रर्र...

दीड इंच. तिथे थांबला.

शेजारी रामनाथचं वेल्डिंगचं दुकान आहे. गोरखपूरकडचा माणूस, जेवण झालं की येऊन गाडीत बसायची त्याला खोड. तोच बसला असणार. काका खालूनच वैतागून बोलले, "रामनाथ, पाँव हटा पेडल से."

उत्तर आलं, पण गाडीतून नाही. रस्त्याच्या कडेने आलं.

"चाचा, मैं तो इधर हूँ. अपनी दुकान पे."

दांडा अजून दाबलेलाच होता. वरून एक आवाज आला. बारीक. ओल्या चिखलातून पाऊल उचलावं तसा.

पच्...

दांडा झटकन वर गेला.

काका कोपरांवर सरपटत बाहेर आले. रामनाथही हातातला चष्मा टाकून आला. दोघांनी दारातून आत पाहिलं. गाडीत कुणी नव्हतं. माश्या मात्र पेडलवरून उठून बाजूला घोंघावत होत्या, जणू त्यांना कुणी हाकललं होतं.

पेडलच्या रबरावर पाच ठसे होते.

अंगठा आणि चार बोटं. अनवाणी, मोठ्या पायाची. प्रत्येक ठशात पिवळं पाणी साचलेलं. आणि रबराच्या खाचेत कातडीचा एक पांढरट पापुद्रा अडकलेला. गरम दुधावरची साय बोटाला लागावी तसा.

रामनाथ रस्त्याकडेला जाऊन ओकला. काका उभेच राहिले. आपण काय चाखलं ते त्यांना तेव्हा कळलं. मग ओकाऱ्या सुरू झाल्या त्या संध्याकाळपर्यंत थांबल्या नाहीत. पारूकाकूंनी मीठपाणी दिलं, लिंबू दिलं. काकांनी जीभ राखेने घासली. गोडवा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी मितेशला फोन करून बोलावलं. तो आला, आणि सोबत त्याची आई जमना आली. बासष्ट-त्रेसष्टची बाई, काकांपेक्षा मोठी. काका तिला वहिनी म्हणतात. ती गाडीजवळ गेली नाही. बाकड्यावर बसली आणि काकांच्या पायाच्या पट्टीकडे बघत राहिली.

"साकर हाय काय, भाऊ?"

"हाय."

"त्यांनापण होती."

मग तिने सांगितलं. मितेश मधे मधे तिला गप्प करायला बघत होता, पण ती थांबली नाही.

जानूचाही डावाच पाय. आधी बोट काळं पडलं, मग अर्धं पाऊल. डॉक्टर म्हणाले कापावं लागेल. जानू ऐकेना. पाय गेला तर मॉरिस कोण चालवणार? पावलाला प्लास्टिकची पिशवी बांधायचा आणि तसाच घिवली ते पालघर गाडी चालवायचा. पाय उचलवत नसे, म्हणून क्लचवरच टेकवलेला. पिशवी फाटायची. गाडीत पाणी गळायचं. लोक विचारायचे कसला वास, तर घरचे सांगायचे, मासळीचा.

"मी रोज पुसायची गाडी," जमना म्हणाली. "फिनेल टाकून."

शेवटी ताप चढला, शुद्ध गेली, तेव्हा दवाखान्यात पाय घोट्यापासून कापला. कापलेलं पाऊल पिशवीत बांधून मितेशच्या हातात दिलं. आमच्याकडे अशा वेळी तो अवयव स्मशानाच्या कोपऱ्यात मीठ घालून पुरतात. मितेशने पिशवी मॉरिसमध्ये, पुढच्या सीटखाली ठेवली. अर्ध्या वाटेत, कुरगावजवळ, फोन आला. बाबा गेले.

मग काय. तो तसाच मागे फिरला. मयत घरी आणलं, अग्नी दिला, नातेवाईक आले. पिशवीची आठवण कुणालाच राहिली नाही. तीन दिवस गाडी उन्हात बंद.

"चौथ्या दिशी आठवण आली," मितेश हळूच बोलला. "मी गेलो गाडीत. पिशवी होती सीटखाली. गाठ तशीच होती, काका. कुठं फाटली नव्हती."

"मग?"

"आत काय नव्हतं."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. मितेशचे ओठ पांढरे पडले होते.

"तुझ्या बापाला तू बिनपायाचा पाठवला," जमना म्हणाली. रडली नाही. जुनी गोष्ट सांगावी तशी म्हणाली. मग काकांकडे वळली. "भाऊ, तुमी ही गाडी घिवलीला आणून द्या. मितेश चालवणार नाय. नेऊन उभी करते वाडीत, परत कुणाला देणार नाय."

माझ्या मते काकांनी तेव्हाच हात जोडायला हवे होते. दोर बांधा, ओढत न्या, माझी सुटका करा. पण मिस्त्रीची खुमखुमी असते ना. दोष सापडला नाही असं म्हणून गाडी दोराने परत पाठवायची, हे काकांना जमणारं नव्हतं. आणि खरं सांगू? पंधरा दिवसांतले नऊ उरले होते. पुन्हा कधी क्लचवर पाय ठेवायला मिळेल की नाही, ही हाव होती. काकांनी स्वतः मला हे कबूल केलं आहे.

त्यांनी रॉड परत जोडला. रबर काढून फेकलं, नवं लावलं. दुपारी दोनला निघाले. काका स्टिअरिंगवर, जमना मागच्या सीटवर. मितेश मोटरसायकलवरून पाठीमागे, चांगलंच अंतर राखून.

पास्थळपर्यंत गाडी सुरळीत गेली. इंजिन गाणं म्हणत होतं. काका वास विसरले, गोडवा विसरले.

पुढे गतिरोधक आला. काकांनी क्लच दाबायला डावा पाय ठेवला.

पेडल लागलं नाही.

पाय आणि पेडल यांच्या मधे काहीतरी होतं.

मऊ. थंड.

काकांनी खाली पाहिलं. पट्टी बांधलेला त्यांचा पाय, चप्पल, त्याखाली पेडल. दुसरं काही दिसत नव्हतं. पण चपलेच्या तळव्यातून त्यांना स्पष्ट कळत होतं... खाली दुसरा पाय आहे. त्याची बोटं हलतायत.

काकांनी पाय उचलायचा प्रयत्न केला.

उचलेना.

चप्पल आपोआप बाजूला सरकली. पट्टी ओली झाली. आणि मग ती बोटं खालून वर आली, काकांच्या बोटांच्या फटींमध्ये शिरली, एकेक करून, आणि दाबली गेली. पिकलेलं केळं मुठीत चिरडावं तसं काकांना वाटलं. जखमेतून काहीतरी आत सरकत होतं. दुखत नव्हतं, तेच सगळ्यात किळसवाणं होतं. ओकारी घशापर्यंत आली होती, आणि पाय मात्र सुखात होता.

गाडी तशीच चालत होती. क्लच दाबला जात होता, सुटत होता, गिअर पडत होते. काका सांगतात, "मी फक्त हात हलवत होतो."

घिवलीच्या वळणावर पायाखालचं सगळं नाहीसं झालं. पेडल साधं पेडल झालं. काकांनी दाबून पाहिलं. दीड इंच हलका प्ले, मग जोर. एकदम बरोबर. नव्या गाडीसारखं.

वाससुद्धा नव्हता.

मागून जमना म्हणाली, "गेले?"

"गेले वाटतं, वहिनी."

जमना सीटवर पुढे वाकली.

"कुटं?"

काकांनी वाडीत गाडी उभी केली आणि किल्ली तिच्या हातात दिली.

त्या संध्याकाळी पारूकाकूंनी पट्टी सोडली. जखमेतून पू आला नाही. चौथ्या दिवशी कड गुलाबी झाली. दहाव्या दिवशी नवी कातडी. पालघरच्या डॉक्टरांनी बोटाने दाबून दाबून पाहिलं आणि म्हणाले, पथ्य सांभाळलंत, शाब्बास. काकांनी डॉक्टरांना पेढे दिले. स्वतः खाल्ले नाहीत. गोड त्यांना आता सहन होत नाही.

पाय वाचला. गॅरेज चालू राहिलं. गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिलीच नसती.

सगळ्यात आधी चप्पल बसेना. उजवी आठ नंबरची, डावी आठची घट्ट व्हायला लागली. सूज असेल, म्हणून काकांनी नऊ नंबर घेतला. मग टाचेला भेगा पडल्या. आयुष्यभर वाळूत चाललेल्या माणसाच्या असतात तशा, खोल, काळ्या. काका गॅरेजमधे बसणारा माणूस, त्यांची टाच कायम मऊ.

आणि पाय दाबतो. खुर्चीत बसले, टीव्ही बघत असले, झोपले असले, तरी डावा पाय मधेच खाली दाबला जातो आणि हळूच सुटतो. काकांना विचारलं तर म्हणतात, मला कळलंच नाय.

एका संध्याकाळी पारूकाकू नेहमीप्रमाणे त्यांचे पाय चेपत होत्या. सव्वीस वर्षांचा परिपाठ. उजवा चेपून झाला, डावा मांडीवर घेतला. घेतला आणि थांबल्या. घोट्यापर्यंत हात नेला, तिथून खाली न्यायच्या ऐवजी मागे घेतला. पदराला हात पुसला. परत परत पुसला.

"ह्यो पाय तुमचा नाय," त्या म्हणाल्या.

काका हसले. "मग कुणाचा? शेजाऱ्याचा?"

काकू हसल्या नाहीत. मोरीत जाऊन राखेने हात घासत बसल्या. चार महिने पू धुताना ज्या बाईच्या कपाळावर आठी पडली नाही, तिला त्या धडधाकट पायाची शिसारी आली. त्या रात्रीपासून त्यांचं अंथरूण स्वयंपाकघरात आहे.

काका म्हणतात, बायकांच्या डोक्यात काय घुसेल सांगता येत नाही. पाय शाबूत आहे, क्लच दाबता येतो, आणखी काय पाहिजे? त्यांचं हे म्हणणं मलाही पटलं होतं. गेल्या मार्गशीर्षापर्यंत.

तेव्हा मी बोईसरलाच होते. दुपारी जमना आली. नातवाच्या बारशाचं बोलावणं द्यायला. काका ओटीवर खुर्चीत पाय पसरून पेपर वाचत होते. ती दारात आली आणि तिने काकांच्या तोंडाकडे पाहिलंच नाही.

तिची नजर खाली गेली. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला.

आमच्याकडे एवढ्या वयाची बाई हा मान एकाच माणसाला देते.

ती पुढे येऊन जमिनीवर बसली. डाव्या पायापाशी. उजव्याकडे तिने पाठ केली होती. माझ्या हातात तिच्यासाठी पाण्याचा तांब्या होता, तो तसाच राहिला. पारूकाकू माझ्यामागे उभ्या होत्या, त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

जमनाने त्या पायाकडे निरखून पाहिलं. मग हलक्या आवाजात, घरातल्या घरात बोलावं तसं म्हणाली, "नखं किती वाडवलीत. मी नसली का तुमचं काय खरं नाय." आणि कमरेच्या पिशवीतून ब्लेडचं पान काढलं.

काका एवढा वेळ पेपर धरून गोठल्यासारखे बसले होते. त्यांचा चेहरा मी पाहिला. घशात ओकारी अडकलेल्या माणसाचा चेहरा. ते मागे सरकायला बघत होते. खांदे सरकले, कंबर सरकली, उजवा पाय खुर्चीखाली गेला.

डावा पाय मात्र पुढे झाला. आपणहून. आणि जमनाच्या मांडीवर जाऊन टेकला.

तिने पाचही नखं कापली. कापलेली नखं पदराच्या टोकात बांधली आणि निघून गेली.

आता ती दर महिन्याला येते. काका दार लावून घेत नाहीत. लावलं तर तो पाय रात्रभर जमिनीवर आपटतो, असं पारूकाकू सांगतात. परवा मी काकांना नमस्कार करायला वाकले आणि मधेच थांबले. मग लांबूनच हात जोडले.